ओवाळणीत मागितलेलं पत्र

गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ आहे असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी कोणीही कधी चौकशी केलेली नव्हती. मी केली. डोंबिवलीत औषधं पॅक करणाऱ्या एका कारखान्यात मी पंचवीस वर्षं शिफ्ट लावते. कोण कधी येणार, कोणती लाइन कधी थांबणार, कोणाच्या जागी कोणाला उभं करायचं, हे ठरवण्यात आयुष्य गेलंय. त्यामुळे हिवाळ्यात दोन बायकांनी चार दिवस बाहेरगावी जाऊन गोल्फ खेळून यायचं, तेही आपल्याला परवडेल अशा बेताने, यात मला फार अवघड काही वाटलं नाही. फुलस्केप कागदाच्या एका बाजूला सगळा बेत बसला. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्याच्यावरून मी गेले नाही, दुसरेच गेले.

सुरुवात कोलशेतला झाली. कोलशेत, ठाण्याचं खाडीकाठचं गाव, माझं माहेर. आमची शेती होती, मिठागरात वाटा होता. आता तिथे टॉवर आहेत आणि त्यातल्या एकाच्या बाराव्या मजल्यावर माझा मोठा भाऊ राहतो, आई त्याच्याकडे असते. जमिनीच्या वेळी मी हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे बहिणी करतात. कोणी जबरदस्ती केली नाही. जेवणं व्हायच्या आधी कागद पुढे आला आणि मी चष्मा शोधायलाही उठले नाही. त्याबद्दल मला आजही फार काही म्हणायचं नाही. माहेर टिकावं म्हणून सही केली आणि माहेर टिकलं, निदान मागच्या हिवाळ्यापर्यंत.

भावाची बिल्डर लोकांत ऊठबस वाढली तसा तो गोल्फ खेळायला लागला. एका मोठ्या क्लबचा मेंबर झाला. नवा सेट आला, आणि जुन्या काठ्यांची बॅग बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन पडली. एका रविवारी आईला भेटायला गेले होते, कपडे वाळत घालताना बॅग पायाला लागली.

"या काठ्या नेऊ का रे?"

"ने गो. भंगारातच द्यायच्या होत्या. पण करणार काय तू त्यांचं? पोरं हाणायची?"

"पोरं मोठी झाली. आता तूच उरलास."

कोलशेतपासून जवळच, घोडबंदर रोडच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर टॉवर उभा राहायचा होता. तो राहीपर्यंत कोणीतरी तिथे रेंज चालवत होतं. रेंज म्हणजे प्लॅस्टिकच्या चटईवर उभं राहून बादलीभर चेंडू समोर जाळीपर्यंत मारायचे. एवढंच. खड्डा नाही, गवत नाही, चालणं नाही. पहिल्या दिवशी वीस चेंडूंमधला एक लागला. पण तो असा लागला की हाताला कळलंच नाही काही लागलंय म्हणून, आणि चेंडू मात्र जाळीच्या वरच्या दोरीपर्यंत गेला. पुढच्या रविवारी मी आईकडे जायच्या आधी तिथे गेले. मग दर रविवारी. आई म्हणायची, "सून बघायच्या वयात चेंडू मारीत सुटलीस. लोक काय बोलतील गो?" लोक काहीच बोलत नव्हते. त्या रेंजवर आमच्याकडे कोणी बघतसुद्धा नव्हतं.

'आमच्याकडे' म्हणाले, कारण तोवर माझी मैत्रीण यायला लागली होती. ती आमच्याच कारखान्यात तपासणी विभागात, शहाडला राहणारी, मूळची साताऱ्याकडची. उंच, हाडापेराने मजबूत, आणि कोणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवण्याचाच तिला पगार मिळायचा. ती माझ्यापेक्षा चांगली खेळायची. सात नंबरची काठी घेऊन ती उभी राहिली की शेजारच्या चटईवरचे पुरुष आपलं थांबवून बघायचे, मग उगाच मोबाइल काढायचे. दीड वर्ष आम्ही दोघींनी एका बॅगेत भागवलं.

एकदा बादली संपल्यावर ती खुर्चीत बसून गुडघा चोळत म्हणाली, "गवतावर मारून बघायचं एकदा. नुसतं जाळीत मारून काय, कबुतरं पकडतोय का आपण?"

गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरलं होतं. नंतर चालता नीट येईल असं डॉक्टर म्हणाले होते. असं अंग पिळून मारता येईल का, यावर त्यांनी 'बघू' म्हटलं होतं. आम्ही दोघीही आजारपणं काढलेल्या बायका. डॉक्टरच्या 'बघू'चा अर्थ आम्हाला सांगावा लागत नाही. म्हणजे खेळायचं तर डिसेंबरात.

मग मी चौकशीला लागले. मुंबईजवळची मैदानं आमच्यासाठी नव्हती, तिथे आत शिरायलाच वशिला लागतो आणि शिरल्यावर खिसा. पण मध्य प्रदेशात एका थंड हवेच्या लष्करी छावणीच्या गावात नऊ खड्ड्यांचं जुनं मैदान सापडलं. तिथे खड्ड्याभोवती हिरवळ राखायला पाणी नाही, म्हणून तेल घातलेली वाळू दाबून गोल केलेले असतात. हिरव्याला ग्रीन म्हणतात तसं याला ब्राउन म्हणतात. हौशी लोक ब्राउनला नाकं मुरडतात, म्हणून तिथे खेळणं स्वस्त. वाळूवरून चेंडू गेला की रेघ उठते, ती कॅडी, म्हणजे काठ्या उचलून बरोबर चालणारा माणूस, लाकडी फळीने पुसतो. हे वाचलं तेव्हा मला मिठागर आठवलं. तिथेही फळीच ओढायची. म्हटलं, चला, हे आपलंच मैदान.

कागदावर असं होतं. शनिवार-रविवार टाळायचा, मंगळवार ते शुक्रवार जायचं, दर कमी. गाडी कल्याणहूनच पकडायची, मुंबईला उलटं जायचं नाही. मैदानाच्या आवारातल्या गेस्टहाउसमध्ये चारच खोल्या, त्यातली दोघींत एक. काठ्या एकाच बॅगेतून, कॅडी दोघींत एक. सकाळी नऊच्या आधी खेळायला उतरायचं नाही, दव असतं, चेंडू पळत नाही आणि हात आखडतात. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सुकी भाजी, म्हणजे जातानाची दोन जेवणं सुटली. कारखान्याच्या थंड खोलीत मिळतात ते स्वेटर आणि कानटोप्या न्यायच्या. कॅडीसुद्धा मी फोनवर शोधून ठेवला, वयस्कर गृहस्थ, बोलायला मऊ. "मॅडमजी, पहली बार है तो हम सब बता देंगे," म्हणाले.

एकच गोष्ट कागदावर बसत नव्हती. तिथे खेळायला कोणत्या तरी मान्य क्लबच्या मेंबरचं पत्र लागत होतं.

मैत्रीण म्हणाली, "अडलं का गाढव?"

"अडलं कशाला? माझा भाऊ मेंबर आहे."

"देईल?"

"माझा भाऊ आहे," मी पुन्हा म्हटलं. तिने पुढे विचारलं नाही.

भाऊबीजेला कोलशेतला गेले. पाट मांडला, टोपी घालून भाऊ बसला, मी ओवाळलं. त्याचा हात खिशाकडे गेला तसं मी म्हटलं, "पाकीट नको या वेळी. मागू ते दे."

"माग. सोनं सोडून माग, भाव बघितलास का?"

"पत्र दे."

"कसलं पत्र? सासरी मार खातेस काय?" तो मोठ्याने हसला. मी सगळं सांगितलं. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "नवऱ्याला न्यायचं सोडून मैत्रिणीला न्यायचं? आमच्यात नाही बाई असं."

"नवऱ्याला क्रिकेटशिवाय दुसरा चेंडू दिसत नाही वहिनी. येतो तर येऊ दे, काठ्या उचलायला माणूस होईल."

भाऊ खुश झाला होता. बहिणीने पहिल्यांदाच काहीतरी असं मागितलं होतं जे फक्त तोच देऊ शकत होता. पाटावरून उठून त्याने आतून छापील कागद आणला, तिथल्या तिथे चार ओळी लिहिल्या, सही केली आणि घडी घालून ताटात सुपारीखाली ठेवला. आईने डोळे पुसले. तिला काय वाटलं, कोण जाणे. मी पत्र पर्समध्ये ठेवलं आणि मला, खरं सांगते, त्या जमिनीच्या कागदावर सही केल्याचं त्या क्षणी अजिबात काही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पत्र पाठवून मी गेस्टहाउसच्या क्लार्कला फोन लावला. त्याने विचारलं, बुकिंग कोणाच्या नावाने घ्यायचं, मेंबरच्या की पाहुण्यांच्या? दोन्ही चालतं.

माझी चूक इथे झाली, आणि ती कोणी माझ्याकडून करून घेतलेली नाही. मी भावाचं नाव सांगितलं. नंबरही त्याचाच दिला. आमच्या घरात जे काही नोंदवायचं ते थोरल्याच्या नावाने. पंपाचं मीटर त्याच्या नावाने, आईचा गॅस त्याच्या नावाने, माझ्या लग्नाचा हॉलसुद्धा त्याच्याच नावाने घेतलेला, तेव्हा तो जेमतेम कमावता होता. तोंडाला सवयच ती. कारखान्यात मी माझ्या माणसांना बजावून सांगते, ज्याचं काम त्याचं नाव. आणि स्वतःच्या आयुष्यातल्या पहिल्या सहलीला मी दुसऱ्याचं नाव घातलं.

आठवड्याभराने भावाचा फोन आला. "तो कागद पाठव ना तुझा. बघू तरी कसलं स्वस्त करतेस." मी फोटो काढून पाठवला. त्याचं उत्तर आलं, 'एक नंबर'. मला अभिमान वाटला. मैत्रिणीला दाखवलंसुद्धा.

निघायला दहा दिवस होते. खोलीत गरम पाणी किती वाजता येतं ते विचारायला मी गेस्टहाउसला फोन केला. मैत्रिणीला सकाळी गुडघा शेकावा लागायचा. क्लार्कने वही चाळली. म्हणाला, "मॅडम, वो तो चार साहब का हो गया."

मी म्हटलं, चूक होतेय, दोन लेडीज.

"लेडीज कॅन्सल. मेंबर साहब ने खुद फोन किया परसों. दो रूम, चार साहब, वही तारीख." मग त्याने माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून की काय, सांगितलं की साहेबांची तयारी फार छान आहे, त्यांनी नऊच्या आधी उतरणार नाही असंही कळवलंय, दव असतं म्हणून.

मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. दुसरी लाइन बंद पडली होती, तिकडे गेले.

रविवारी कोलशेतला गेले. भाऊ हॉलमध्ये सोफ्यावर होता, आई शेजारी मटार सोलत. मी चप्पल काढता काढताच विचारलं, "माझी खोली का काढलीस?"

त्याने टाळलं नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगते. "अगो, मी तुला सांगणारच होतो. नव्या प्रोजेक्टवाले पार्टनर हायेत. दुबईला चला म्हणत होते, कोण जाणार दुबईला? तुझा कागद दाखवला, तर खुश झाले. म्हणाले, जुनं मैदान, थंडी, ब्राउन, असं कोण बघतं! चार दिवस सोबत राहिलं की कामं होतात गो. ऑफिसात नाय होत."

"चार खोल्या आहेत तिथे. दुसऱ्या दोन घ्यायच्या."

"भरल्यात ना. विचारलं मी."

"मग दुसरी तारीख घ्यायची."

"तुम्ही घ्या की दुसरी. तुमचं काय, खेळच हाय ना? माझा धंदा हाय."

"तिचं जानेवारीत ऑपरेशन आहे."

"मग बरं ना, बरी झाली की जा. पुढच्या हिवाळ्यात पत्र देतो, दहा देतो. मैदान काय पळून जातंय?"

मी म्हटलं, "ओवाळणी होती ती, दादा."

तो म्हणाला, "बुकिंग तर माझ्याच नावाने होतं ना?" आवाजात लबाडी नव्हती, तेच जास्त लागलं. त्याला खरोखरच वाटत होतं की जे त्याच्या नावाने आहे ते त्याचं आहे. त्याला दुसरं कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

आई मटारातून नजर वर न काढता म्हणाली, "भावाशी नको भांडू. एकच हाय तुला."

"त्यालाही मी एकच आहे, आई."

वहिनीने निघताना सुक्या बोंबलांची पिशवी हातात दिली. घेतली. बोंबलांचा काय दोष? लिफ्टपर्यंत भाऊ सोडायला आला. दार उघडलं तेव्हा म्हणाला, "आणि ऐक ना. त्या कॅडीचा नंबर दे. कागदावर नुसतं 'कॅडी ठरला' लिहिलंयस."

मी लिफ्टचं दार बंद केलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीला सांगितलं. तिने डबा पूर्ण संपवला, झाकण लावलं. मला वाटलं होतं ती भावाला शिव्या देईल. साताऱ्याकडच्या शिव्या मला आवडतात, मी वाटच बघत होते.

ती म्हणाली, "त्यानं मला कधी शब्द दिला होता?"

"म्हणजे?"

"मी त्याला ओळखत पण नाही. शब्द तू दिलेलास. मी विचारलं, देईल का, तर म्हणालीस माझा भाऊ आहे. मी लिहून घ्यायला हवं होतं, तुझ्याकडून." एवढं बोलून ती डबा धुवायला गेली. भांडण असं झालं नाही. तिने सुट्टीचा अर्ज मागे घेतला, मी रेल्वेची तिकिटं रद्द केली. आधी दुसरीकडे कुठे जमतं का म्हणून तीन ठिकाणी फोन लावले होते. डिसेंबर होता, सगळं भरलेलं.

कॅडींना मीच फोन केला, येत नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "कोई बात नहीं मॅडमजी, पर वो चार दिन हमने किसी को हाँ नहीं कहा." तो माणूस माझ्यासाठी इतरांना नाही म्हणून बसला होता. माझ्या रागापायी त्याने चार दिवस घरी बसावं, हे मला पटेना. संध्याकाळी मी भावाला नंबर पाठवून दिला, खाली काही न लिहिता. त्याने अंगठा पाठवला.

बुधवारी घरच्या ग्रुपवर फोटो आला. चार पुरुष, मागे साल वृक्ष, पायाखाली तपकिरी वाळूचा गोल. चौघांच्या डोक्याला कानटोप्या. तीही माझी कल्पना. भावाच्या बाजूला फळी हातात धरून एक म्हातारे गृहस्थ उभे होते, बारीक, हसरे. मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. सगळ्यांनी ग्रुपवर हात जोडले, फुलं टाकली. मी फोटो मोठा करून बघितला. वाळूवर चेंडूची रेघ उठलेली होती, अजून पुसलेली नव्हती. मग फोन पालथा ठेवला आणि गुरुवारच्या शिफ्ट लावल्या.

मैत्रिणीचं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात गेले, तिच्यासाठी डबे नेले, शहाडला घरीही दोनतीनदा जाऊन आले. ती नीट बोलायची, चहा द्यायची, कारखान्यातलं विचारायची. गोल्फचा विषय तिने काढला नाही.

या वर्षीच्या भाऊबीजेला जाऊ नये असं वाटत होतं. पण आईचं वय झालंय, आणि न जाण्याचा अर्थ तिला पुढची सगळी वर्षं लोकांना समजावून सांगावा लागला असता. गेले. पाट, टोपी, दिवा. भावाने ताटात पाकीट ठेवलं, आणि लहान मुलाने बक्षीस दाखवावं तसा माझ्याकडे बघत राहिला.

पाकीट ओवाळल्याबरोबर उघडायचं नसतं. मी उघडलं. आत पत्र होतं, छापील कागदावर, सहीसकट. 'माझे दोन पाहुणे' येत आहेत, त्यांची व्यवस्था व्हावी.

"बघ, बोललो होतो ना देईन?"

"यात माझं नाव घाल."

"पाहुणे म्हटलं की आलंच ना त्यात. नाव कशाला? उगाच ते विचारत बसतात, कोण, कुठले. माझ्या नावावर सगळं फटाफट होतं."

मी पत्राची घडी घातली आणि ते परत सुपारीखाली ठेवलं.

आई घाबरली. "घे गो बाय. ओवाळणी परत देत नाहीत."

"परत घेत पण नाहीत," मी म्हटलं.

थोड्या वेळाने भावाने कागद उचलून खिशात घातला. दिवा अजून जळत होता, म्हणून मी ताट देवापुढे नेऊन ठेवलं आणि वहिनीबरोबर पानं वाढायला घेतली. जेवताना त्याने मला आग्रह करून दोनदा वाढलं. मी जेवले.

परत येताना माजिवड्याच्या नाक्यावर गाडी अडकली होती, तेव्हा मैत्रिणीचा फोन आला.

"दिलं का या वर्षी पत्र?"

"दिलं."

"मग?"

"ठेवून आले."

ती म्हणाली, "बरं केलंस. तसाही गुडघा अजून नीट वळत नाही."

दुसरं वाक्य तिने मला बरं वाटावं म्हणून जोडलं होतं. जिना ती आता माझ्यापेक्षा भराभर चढते, मी बघितलंय. काठ्यांची बॅग माझ्याकडेच आहे, रविवारी मी रेंजवर जातेही. तिला दर वेळी निघताना फोन करते. तिचं काहीतरी काम निघतं.